दूषित मातीतील स्फोटकांचे अवशेष कसे मोजावेत: मैदानावरच्या नळीपासून क्रोमॅटोग्रामपर्यंत

आरडीएक्स या स्फोटकाचा एक मिलिमीटर व्यासाचा कण घ्या. त्याचे वजन साधारण ०.९५ मिलिग्रॅम भरते. असा एकच कण जर प्रयोगशाळेत तोललेल्या २ ग्रॅम मातीत सापडला, तर त्या मातीतील आरडीएक्सचे प्रमाण किलोमागे सुमारे ४७५ मिलिग्रॅम निघते. तोच कण चमच्याच्या काठावरून शेजारच्या बाटलीत पडला, तर त्याच मातीचा निकाल ‘आढळले नाही’ असा येतो. दोन्ही वेळा लिक्विड क्रोमॅटोग्राफीचे (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे) यंत्र खरेच सांगत असते. स्फोटकांच्या अवशेषांचे विश्लेषण इतर मृदापरीक्षणांपेक्षा वेगळे आहे ते नेमके या कारणामुळे, आणि म्हणून या लेखात यंत्रापेक्षा यंत्रापर्यंत पोचणाऱ्या मातीविषयी अधिक लिहिले आहे.

या कामासाठी जगभर आधार मानली जाते ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘८३३०’ क्रमांकाची पद्धत. मूळ पद्धतीत फक्त २ ग्रॅम माती घेतली जात असे. न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर येथील अमेरिकी सैन्याच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतील टॉमस जेन्किन्स, मॅरियन वॉल्श, अ‍ॅलन ह्युइट आदी संशोधकांनी सराव मैदानांवर वर्षानुवर्षे काम करून दाखवून दिले की, अवघ्या सव्वा मीटर व्यासाच्या वर्तुळात घेतलेल्या नमुन्यांचे आकडेही परस्परांपासून कित्येक पटींनी दूर असतात. त्या अनुभवातून २००६ साली ‘८३३०-बी’ ही सुधारित आवृत्ती आली. खालील पायऱ्या मुख्यतः तिच्यावर बेतलेल्या आहेत.

आधी काय शोधायचे ते ठरवा

जागेचा इतिहास विचारल्याशिवाय कुदळ उचलू नये. तोफ किंवा बंदूक जिथून डागली जाते त्या ठिकाणी मातीत मुख्यतः प्रणोदकाचे, म्हणजे गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूचे, अवशेष पडतात. त्यांत नायट्रोग्लिसरीन आणि २,४-डायनायट्रोटोल्युइन असतात व ते नायट्रोसेल्युलोजच्या तंतूंत अडकलेले असतात. गोळा जिथे पडतो तिथे मात्र आरडीएक्स, टीएनटी आणि एचएमएक्स या स्फोटकांची अपेक्षा ठेवावी. रणगाडाविरोधी रॉकेटांच्या सराव मैदानांवर एचएमएक्स बरेच आणि टीएनटी थोडे असे चित्र दिसते, कारण एचएमएक्स पाण्यात फारच कमी विरघळते व जागीच राहते, तर टीएनटी विरघळते, रूपांतरित होते किंवा मातीला बांधले जाते. आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटते: गोळा नीट फुटला तर मागे जवळजवळ काहीच उरत नाही, पण अर्धवट फुटलेला एकच गोळा आसपासच्या जमिनीवर स्फोटकाचे खडे विखरून ठेवतो.

टीएनटी मातीत टीएनटी म्हणून फार काळ टिकत नाही. जिवाणू त्याच्यातील एकेका नायट्रो गटाचे अमिनो गटात रूपांतर करतात आणि २-अमिनो-४,६-डायनायट्रोटोल्युइन व ४-अमिनो-२,६-डायनायट्रोटोल्युइन ही दोन भावंडे तयार होतात. उन्हामुळे ट्रायनायट्रोबेन्झीन बनते. त्यामुळे जुन्या जागेवर फक्त टीएनटी शोधणे म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाला जुन्याच पत्त्यावर पत्र टाकणे होय. आरडीएक्सची तऱ्हा निराळी आहे. ते मातीला फारसे चिकटत नाही आणि पावसाबरोबर खाली उतरते. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड द्वीपकल्पावरच्या कॅम्प एडवर्ड्स या लष्करी सराव क्षेत्रात वाळूमिश्रित जमिनीतून आरडीएक्स थेट पिण्याच्या भूजलात उतरले आणि १९९७ साली पर्यावरण संरक्षण संस्थेला तिथला जिवंत दारूगोळ्याचा सराव थांबवावा लागला. त्या देशात पिण्याच्या पाण्यातील आरडीएक्ससाठी आजीवन आरोग्य-सूचनेची पातळी लिटरमागे २ मायक्रोग्रॅम एवढीच आहे. मातीचे मोजमाप एवढ्या काटेकोरपणे का करायचे, हे या आकड्यावरून कळते.

मराठी वाचकाला ‘आरडीएक्स’ हा शब्द मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांपासून परिचित आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेला मात्र ‘कोणते स्फोटक होते’ एवढे सिद्ध करायचे असते, तर पर्यावरण प्रयोगशाळेला ‘या शंभर चौरस मीटरमध्ये सरासरी किती आहे’ हे सांगायचे असते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रश्नापुरतेच आहे.

मैदानावर

पहिला नियम सुरक्षेचा. सराव मैदानावर न फुटलेला दारूगोळा असू शकतो. म्हणून लष्करी हद्दीची लेखी परवानगी आणि बॉम्बनाशक तज्ज्ञाने जागा तपासून दिलेली मोकळीक हातात असल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकू नये. जमिनीवर दिसणारा पिवळसर वा पांढरा खडा नमुन्याच्या पिशवीत टाकू नये. त्याची जागा नोंदवून तज्ज्ञाला दाखवावी. मातीत स्फोटकाचे प्रमाण वजनाने १० टक्क्यांहून अधिक असेल तर ती माती स्वतःच स्फोटक मानली जाते, आणि अशी माती सामान्य प्रयोगशाळेचा विषय नव्हे.

ही मर्यादा ओलांडली आहे काय, हे मैदानावरच रंगचाचणीने अजमावता येते. माती अ‍ॅसिटोनमध्ये हलवून, गाळून त्यात अल्कली मिसळल्यास टीएनटी असलेल्या अर्काला लालसर रंग येतो. आरडीएक्ससाठी अर्कात जस्त आणि अ‍ॅसेटिक आम्ल घालून क्षपण करतात व मग ग्रीस (Griess) नावाच्या अभिकर्मकाने गुलाबी रंग आणतात. या चाचण्यांचे तयार संच मिळतात. त्यांचा उपयोग प्रमाणाचा अंदाज घेण्यापुरता व सुरक्षेपुरता करावा. अहवालातील आकडा त्यावरून देऊ नये.

आता नमुना. ज्या क्षेत्राविषयी निर्णय घ्यायचा आहे ते आधी आखून घ्यावे. उदाहरणार्थ १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. त्याचे सात बाय सात असे ४९ भाग कल्पावेत, पहिल्या भागात कुठेही एक बिंदू निवडावा आणि उरलेल्या प्रत्येक भागात त्याच सापेक्ष जागेवरून नागमोडी चालत एकेक चिमूट माती घ्यावी. ‘चिमूट’ म्हणजे वरच्या २.५ सेंटिमीटरची, नळीसारख्या हत्याराने कापलेली चकती. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर असेल तर प्रत्येक चकती सुमारे २५ ग्रॅम भरते आणि ४९ चकत्या मिळून सव्वा किलोच्या आसपास माती जमते. सुधारित पद्धतीला ३० ते १०० चकत्या व किलोभराहून अधिक माती हवी असते, ती अशी सहज मिळते. सगळ्या चकत्या एकाच स्वच्छ पिशवीत जातात. त्याच चौकोनातून वेगळ्या सुरुवातीच्या बिंदूने आणखी दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत. तीन आकड्यांतील फरक ३० टक्क्यांच्या सापेक्ष प्रमाण विचलनात (म्हणजे सरासरीच्या तुलनेत आकड्यांच्या विखुरलेपणात) बसला, तरच क्षेत्राची सरासरी विश्वासाची समजावी. वेळ नाही म्हणून हे दोन जादा नमुने गाळण्याचा मोह होतो. माझ्या मते त्याऐवजी तपासायच्या घटकांची यादी कमी करणे शहाणपणाचे.

काही जण मैदानावरच गवताची मुळे आणि काड्या वेचून फेकतात. तसे करू नये, कारण वरच्या गवताच्या जाळीत स्फोटकाचे कण अडकलेले असतात. नमुना अंधारात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून आणावा. निष्कर्षण १४ दिवसांच्या आत आणि त्यानंतर अर्काचे विश्लेषण ४० दिवसांच्या आत व्हावे.

वाळवणे, चाळणे, दळणे

प्रयोगशाळेत माती स्वच्छ ट्रेमध्ये पातळ पसरून, उजेडापासून दूर, खोलीच्या तापमानाला वाळवावी. ओव्हन वापरू नये. टेट्रिल हे स्फोटक उष्णतेने विघटित होते आणि मोनोनायट्रोटोल्युइनसारखे हलके घटक उडून जातात. ‘खोलीचे तापमान’ हा शब्द थंड हवेतल्या खोलीकडे पाहून लिहिला गेला आहे. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपुरात वातानुकूलनाशिवाय माती वाळत ठेवली तर ते ओव्हनमध्ये ठेवण्यासारखेच झाले. खोली ३० अंशांच्या खाली ठेवावी आणि तिचे तापमान नोंदवहीत लिहावे.

वाळलेली माती १० मेशच्या, म्हणजे २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळावी. ढेकळे हाताने मोडावीत, मुळे चोळून त्यांना लागलेली माती खाली पाडावी. चाळणीवर उरलेले दगड व काड्या तोलून त्यांची नोंद ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीला येथे अधिक वेळ लागतो. ती वाळल्यावर दगडासारखी कडक होते आणि तिच्यातील स्मेक्टाइट जातीची चिकणखनिजे टीएनटीसारख्या नायट्रोअ‍ॅरोमॅटिक रेणूंना धरून ठेवतात, विशेषतः त्या खनिजांच्या थरांत पोटॅशियम किंवा अमोनियम असेल तेव्हा. म्हणून काळ्या मातीवर काम करणाऱ्याने स्वच्छ काळ्या मातीत ज्ञात प्रमाण मिसळून किती परत मिळते हे स्वतः तपासावे. वाळूवर मिळालेली ९५ टक्के प्रतिप्राप्ती काळ्या मातीच्या अहवालात उसनी घेऊ नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी: दळणे. खलात कुटून भागत नाही. फिरत्या कड्यांच्या पल्वरायझरमध्ये चाळलेली सगळी माती मैद्यासारखी, ७५ मायक्रोमीटरहून बारीक होईपर्यंत दळावी. सुरुवातीला सांगितलेला तो एक मिलिमीटरचा कण ७५ मायक्रोमीटरपर्यंत दळला की त्याचे सुमारे २,४०० कण होतात आणि ते किलोभर मातीत पसरतात; मग कुठूनही उचललेल्या १० ग्रॅममध्ये त्यांचा वाटा येण्याची शक्यता कितीतरी वाढते. डागण्याच्या जागेवरील मातीत नायट्रोसेल्युलोजचे चिवट तंतू असल्याने ती एका दमात दळली जात नाही. तिच्यासाठी ६० सेकंदांच्या पाच फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये भांडे गार होऊ द्यावे. रंगचाचणीत १० टक्क्यांच्या जवळ आलेली माती पल्वरायझरमध्ये घालायची नाही, हे पुन्हा सांगतो. दोन नमुन्यांच्या मध्ये भांडे धुऊन स्वच्छ वाळू दळावी. ती वाळूही नमुन्यासारखीच तपासावी, म्हणजे आदल्या मातीचा अंश पुढच्या मातीत गेला का ते कळते.

दळलेली माती ट्रेमध्ये एक सेंटिमीटरहून कमी जाडीत पसरावी आणि चपट्या चमच्याने निरनिराळ्या ३० जागांवरून तळापर्यंत थोडी थोडी घेऊन १० ग्रॅम पूर्ण करावे. प्रत्येक तुकडीतील एका नमुन्याचे असे तीन उपनमुने घ्यावेत. त्यांच्यातील सापेक्ष प्रमाण विचलन २० टक्क्यांच्या वर गेले तर दोष यंत्रात शोधू नये, माती पुन्हा दळावी.

निष्कर्षण

१० ग्रॅम माती झाकणाच्या काचेच्या बाटलीत घेऊन तिच्यात सरोगेट म्हणून १,२-डायनायट्रोबेन्झीनचे ज्ञात प्रमाण घालावे. हा घटक मैदानावर सहसा नसतो आणि वागतो मात्र इतरांसारखा, त्यामुळे प्रत्येक बाटलीत निष्कर्षण कसे झाले याचा तो साक्षीदार ठरतो. मग २० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घालून बाटली १८ तास हलत्या यंत्रावर किंवा गार पाण्याच्या अल्ट्रासॉनिक टाकीत ठेवावी. अल्ट्रासॉनिक टाकी स्वतःच तापते, म्हणून तिच्यातील पाणी फिरते व ३० अंशांच्या खाली ठेवणे अनिवार्य आहे. अठरा तास फार वाटतात, पण जुन्या मातीत बारीक रंध्रांत शिरून बसलेले रेणू बाहेर यायला तेवढा वेळ लागतो.

माती अर्धा तास खाली बसू द्यावी. वरच्या अर्काचे ५ मिलिलिटर घेऊन त्यात लिटरमागे ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असलेल्या पाण्याचे ५ मिलिलिटर मिसळावेत, हलवून १५ मिनिटे ठेवावे. याने दोन कामे होतात. तरंगणारी चिकणमाती एकत्र येऊन खाली बसते. आणि अर्कातील अ‍ॅसिटोनायट्राइल निम्मे होते, ज्याशिवाय कॉलमवर (यंत्रातील घटक वेगळे करणाऱ्या नळीत) लवकर बाहेर पडणारे एचएमएक्सचे शिखर, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, पसरट होते. शेवटी ०.४५ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन गाळणीतून अर्क गाळावा, पहिले ३ मिलिलिटर टाकून द्यावेत आणि उरलेला गडद रंगाच्या बाटलीत भरावा. अर्क कोरडा होईपर्यंत कधीही बाष्पीभवन करू नये. भांड्याच्या तळाशी नेमके काय उरेल, हे आठवले म्हणजे कारण सांगावे लागत नाही.

यंत्रावर

गॅस क्रोमॅटोग्राफीऐवजी लिक्विड क्रोमॅटोग्राफी निवडण्याचे कारण साधे आहे: एचएमएक्ससारखे घटक गॅस यंत्राच्या तापलेल्या प्रवेशद्वारातच विघटित होऊ लागतात. येथे सगळे काम खोलीच्या तापमानाच्या आसपास होते.

पारंपरिक मांडणी अशी: २५ सेंटिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर व्यासाचा, ५ मायक्रोमीटर कणांचा सी-१८ (कणांवर १८ कार्बनांच्या साखळ्या असलेला) कॉलम. मिथेनॉल व पाणी समप्रमाणात. प्रवाह मिनिटाला १.५ मिलिलिटर, अंतःक्षेपण १०० मायक्रोलिटर, शोधन २५४ नॅनोमीटरला. मिथेनॉल व पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण दोन्ही शुद्ध द्रवांहून घट्ट असते, म्हणून दाब अपेक्षेहून जास्त दिसला तर लगेच कॉलम तुंबला असे समजू नये. या स्थितीत एचएमएक्स सर्वांत आधी, अडीच मिनिटांच्या सुमारास, बाहेर येते. आरडीएक्स पावणेचारच्या, टीएनटी साडेआठच्या आसपास. आणि नायट्रोटोल्युइन शेवटी, १२ ते १४ मिनिटांदरम्यान. नेमके आकडे प्रत्येक कॉलमचे वेगळे असतात, अनुक्रम मात्र बहुधा हाच राहतो. नायट्रोग्लिसरीन आणि पीईटीएन हे नायट्रेट एस्टर २५४ नॅनोमीटरला जवळजवळ अदृश्य असतात; त्यांच्यासाठी २१० नॅनोमीटरचा दुसरा चॅनल लावावा लागतो. डागण्याच्या जागेची माती फक्त २५४ वर तपासून ‘स्वच्छ’ ठरवणे ही या क्षेत्रातील नेहमीची चूक आहे.

दोन जोड्या त्रास देतात: अमिनोडायनायट्रोटोल्युइनची भावंडे, आणि २,४ व २,६-डायनायट्रोटोल्युइन. दोन्ही जोड्यांचे विलगन तापमानाला अतिशय संवेदनशील असते. कॉलमसाठी तापमान-नियंत्रित कप्पा वापरावा, एका-एका अंशाने बदल करून या जोड्या सर्वांत चांगल्या कुठे सुटतात ते पाहावे आणि मग ते तापमान बदलू नये.

अंशांकनासाठी शुद्ध स्फोटके हाताळण्याची गरज नसते. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेली, मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपासची प्रमाणित द्रावणे बंद अ‍ॅम्प्यूलमध्ये मिळतात. त्यांतून किमान पाच पातळ्यांची द्रावणे तयार करावीत आणि ती अर्काप्रमाणेच निम्म्या अ‍ॅसिटोनायट्राइल व निम्म्या पाण्यात करावीत. प्रत्येक तुकडीच्या सुरुवातीला, मध्ये व शेवटी मधली पातळी पुन्हा चालवावी. ती १५ ते २० टक्क्यांहून जास्त सरकली असेल, तर त्या टप्प्यातले नमुने पुन्हा चालवावेत.

ओळख पटवणे आणि आकडा काढणे

एका कॉलमवर योग्य वेळी आलेले शिखर हा संशय असतो, पुरावा नव्हे. मातीतील ह्यूमसचे पदार्थही २५४ नॅनोमीटरला शोषण करतात. म्हणून सापडलेला प्रत्येक घटक सायनो कॉलमवर, म्हणजे वेगळ्या रासायनिक लेपाच्या दुसऱ्या कॉलमवर, पुन्हा पाहावा. त्या कॉलमवर अनुक्रम उलटापालटा होतो. सी-१८ वर सर्वांत आधी येणारे एचएमएक्स येथे आरडीएक्स व टीएनटी दोघांच्याही मागून येते. हा बदल योगायोगाने जुळणे अवघड असते. दोन कॉलमांचे आकडे ४० टक्क्यांहून अधिक वेगळे असतील, तर एकाखाली दुसरा पदार्थ लपला आहे असे समजावे. डायोड अ‍ॅरे डिटेक्टर असेल तर वर्णपटही ताडून पाहावा, पण अल्प प्रमाणात तो अविश्वसनीय ठरतो. मास स्पेक्ट्रोमीटर उपलब्ध असल्यास ऋण आयन पद्धतीत आरडीएक्स स्वतःच्या २२२ वस्तुमानावर शोधू नये; ते क्लोराइडला चिकटून २५७ व २५९ वर, किंवा फॉर्मेटला चिकटून २६७ वर दिसते.

आणखी एक ताळा मला उपयोगी वाटतो. बाखमान पद्धतीने बनवलेल्या लष्करी आरडीएक्समध्ये सुमारे दहा टक्के एचएमएक्स अशुद्धी म्हणून असते. मातीत आरडीएक्स भरपूर आणि एचएमएक्स मुळीच नाही असा क्रोमॅटोग्राम आला, तर अहवालावर सही करण्यापूर्वी दुसरा कॉलम पुन्हा पाहावा.

हिशेबात सर्वाधिक विसरला जातो तो कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्याने झालेला दुप्पट विरळपणा. समजा यंत्राने आरडीएक्स लिटरमागे ०.८५ मिलिग्रॅम दाखवले. मूळ अर्कात ते दुप्पट, म्हणजे १.७० मिलिग्रॅम होते. २० मिलिलिटर अर्कात ०.०३४ मिलिग्रॅम, आणि हे १० ग्रॅम मातीतून आले, म्हणून किलोमागे ३.४ मिलिग्रॅम. यंत्राच्या संगणकात विरळपणाचा गुणक आधीच भरला असेल तर तो कागदावर पुन्हा लावू नये. सरोगेटच्या प्रतिप्राप्तीने हा आकडा ‘दुरुस्त’ही करू नये, ती प्रतिप्राप्ती शेजारी स्वतंत्र लिहावी.

अहवालात तीन क्षेत्र-नमुन्यांचे तिन्ही आकडे द्यावेत, नुसती सरासरी नव्हे. ‘आढळले नाही’ असे लिहिताना किती पातळीच्या खाली आढळले नाही तो आकडा, माती दळली होती की नाही, आणि चाळणीवर उरलेल्या दगड-काड्यांचे वजन या तिन्ही गोष्टी त्याच ओळीत याव्यात. दळून उरलेली माती बंद बाटलीत, अंधारात व गोठवून, प्रकरण मिटेपर्यंत जपावी, कारण वाद निर्माण झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवण्यासारखा नमुना तोच असतो. मैदानावर पुन्हा जाऊन खणलेली माती हा वेगळा नमुना ठरतो.